‘क्षीरसागर कुठे शोधता?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव छापायचे नाही ही तुमची अट मी पाळतो आहे. आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट मात्र मोडतो आहे.

तासगाव भागातल्या शीतगृहांसाठी बेदाण्याच्या पेट्यांची आवक-जावक, लॉट, भाडे आणि उचल यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली उभी करायची, असे आम्ही तिघा भागीदारांनी ठरवले, तेव्हा डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर, निवडणे हे आठवड्याभराचे काम वाटले होते. त्यात पाच महिने गेले. पहिल्या सल्लागारांनी ओपन सोर्सचे, म्हणजे मोफत आणि खुल्या मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नाव काढताच ‘फुकटच्या वस्तूवर धंदा उभारणार का?’ असे विचारले आणि परवान्याचे जे दरपत्रक पुढे ठेवले, त्यात आमचे निम्मे भांडवल गेले असते. दुसऱ्यांनी सेकंदाला लाखो नोंदींचे आलेख दाखवले. ऐन हंगामातही आमच्याकडे दिवसाकाठी काही शेच नोंदी होतात, हे त्यांनी विचारलेच नाही.

तुम्ही पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी या डेटाबेसांपैकी एकाचेही नाव घेण्याआधी आमच्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे मागवलेत आणि दुपारभर ते वाचत बसलात. मग जे सांगितलेत, ते आमच्यासारख्या व्यापाऱ्यालाही कळले. पोस्टग्रेसचे काम १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाले आणि आजही ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. मायएसक्यूएल सन कंपनीमार्फत २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले आणि त्याच्या मूळ कर्त्यांपैकी एकाने मारियाडीबीची वेगळी वाट धरली. मोंगोडीबी या आणखी एका डेटाबेसने २०१८ मध्ये परवानाच बदलला. यांतले काहीही दोष म्हणून सांगत नाही, पण दहा वर्षांचा हिशेब ज्याच्या हाती द्यायचा त्याची मालकी आणि परवाना आधी पाहून घ्यावा, असे तुम्ही म्हणालात. आमच्याकडे प्रणाली लिहिणाऱ्या मुलांना मायएसक्यूएलची सवय असेल तर तेही चालेल, हेही तुम्हीच सांगितलेत. स्वतःच्या आवडीविरुद्ध साक्ष देणारा सल्लागार मी तोवर पाहिला नव्हता. ‘फुकट’ हा शब्द खोडून त्या जागी बॅकअप पाहणाऱ्या माणसाचा पगार लिहायला लावलात, तोही तुम्हीच. नोंदी चालू असताना मशीनची वायर उपटून, पक्की झालेली प्रत्येक नोंद शाबूत आहे की नाही हे पावत्यांशी ताडून पाहिलेत, तेव्हा आमचा एक भागीदार घाबरून उभा राहिला होता. बाकीच्या चाचण्यांचे तपशील इथे देत नाही.

मला लिहायचे आहे ते दिवाणजींबद्दल. आमच्या दिवाणजींनी आधीच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारला होता, की छापलेल्या यादीत काळे हे काशीद आणि कासार यांच्या वर कसे आले? त्यावर एका तरुण सल्लागाराने ‘आजोबा, सर्चमध्ये टाईप करा’ असे हसत सांगितले आणि बैठक पुढे गेली. दिवाणजींनी त्यानंतर तोंड उघडले नाही. सौद्याच्या दिवशी शेतकरी समोर उभा असताना ते कागदावर बोट फिरवून नाव काढतात, हे आम्हालाही ठाऊक होते आणि आम्हीही गप्प बसलो, याची लाज मला अजून वाटते.

तुम्ही हसला नाहीत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, क्रमांकांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसला आहे, म्हणून यंत्र काळ्यांना वर चढवते, हे तुम्ही त्यांना, आम्हाला नव्हे, समजावून सांगितलेत. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषांचे नियम जाणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने भाषेनुसार वर्णक्रम लावता येतो, तो लावू म्हणालात. आणि त्या रात्री साडेनऊला तुम्ही दिवाणजींच्या घरी फोन करून विचारलेत, ‘काका, क्षीरसागर तुम्ही ‘क’मध्ये शोधता की शेवटी?’

चाळीस वर्षे वही लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या वहीतला क्रम विचारायला आजवर कोणी फोन केला नव्हता. ‘शेवटी, ज्ञानोबांच्या आधी,’ असे त्यांनी सांगितले, आणि सकाळी दुकानात आल्यावर ही हकिकत आम्हाला दोनदा ऐकवली. ज्यांच्याकडे विद्या आहे अशी माणसे पैसे मोजले की मिळतात; ज्याचे काम त्यालाच विचारावे एवढी साधी माणुसकी मात्र आम्हाला कोणत्याच दरपत्रकात दिसली नव्हती, आणि तुम्ही तर मानधनही घेतले नाही. पोस्टग्रेस आम्ही निवडले त्याची कारणे अहवालात नीट मांडली आहेत. आमच्या मनाने मात्र निकाल त्या फोननंतरच दिला होता.

सोबत १५ किलोची बेदाण्याची पेटी पाठवली आहे. तिची पावती नव्या प्रणालीतली पहिली आहे, तेव्हा कृपया परत पाठवू नये, कारण परतीची नोंद कशी करायची ते अजून लिहायचे आहे. मोठ्या अक्षरांतली यादी दिवाणजींनी तपासली असून एकच चूक काढली आहे: सावळ्यांच्या घरात धाकट्या भावाचे नाव थोरल्याच्या वर आले आहे. ते पोस्टग्रेसला जमणार नाही असे मी त्यांना सांगितले आहे. माझे चुकत असेल तर कृपया त्यांनाच फोन करावा.

आपला नम्र,
बेदाण्याच्या हिशेबातला एक भागीदार