पांढऱ्या गाडीच्या सीटखालचा गाळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या एप्रिलमध्ये रिंगरोडलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या बाजारात माझ्या हातून एक चूक झाली. ती दुरुस्त करायला दुसरी वाट सापडत नाही, म्हणून आपल्या दैनिकाकडे थोडी जागा मागतो आहे.

मी वाहन विम्याचा सर्वेयर होतो. ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसान किती ते लिहून द्यायचं, हे काम ३१ वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी थांबलो. तेव्हापासून नात्यातले, कॉलनीतले लोक जुनी गाडी घ्यायची झाली की मला सोबत नेतात. हल्ली सगळ्यांना एकच हवी असते, चार मीटरच्या आतली उंच गाडी, म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही. पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "काका, ब्रेझा घेऊ की नेक्सॉन? की व्हेन्यू पाहू?"

मी त्यांना सांगतो, नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्रेझा २०१६ साली आली ती फक्त डिझेलमध्ये, पेट्रोल आलं २०२० मध्ये. म्हणजे "२०१८ ची पेट्रोल ब्रेझा" कुणी दाखवली, तर गाडी पाहायच्या आधी आरसी हातात घ्या. व्हेन्यू २०१९ ची. तिच्या टर्बो पेट्रोलला सात गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो, त्याचे क्लच कोरडे असतात, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेले नसतात आणि गर्दीत लवकर तापतात. मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत तासभर इंच-इंच सरकलेली गाडी आणि अमरावती रोडला मोकळी पळालेली गाडी, दोन्हींचे किलोमीटर सारखे असले तरी क्लच सारखे नसतात. अशी गाडी सदरच्या उड्डाणपुलावर चढावर थांबवून पुन्हा उचला, धक्का देते का पाहा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढीच चाललेली डिझेल गाडी ही गाळणी तुंबवून बसते, आणि अर्धवट जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल, तर ऑइल भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका.

फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून इकोस्पोर्ट स्वस्तात मिळते. गाडी दणकट आहे, पण पार्ट किती दिवसांत मिळतो हे आपल्या मेकॅनिकला आधी विचारा.

आता त्या पांढऱ्या गाडीकडे येतो.

माझी भाची शिक्षिका, जावई हिंगणा एमआयडीसीत. बजेट साडेपाच लाख. गाडी फेब्रुवारी २०१९ ची, पेट्रोल, एमएच ३१, पहिलाच मालक, मीटरवर ३८ हजार. रंग तर असा चमकत होता की भाचीने हीच घ्यायची हे मनात ठरवूनही टाकलं होतं. विकणारा म्हणाला, "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे काकाजी, घरून दवाखाना, दवाखान्यातून घर. डोळे मिटून घ्या."

मी आधी विम्याचा कागद मागितला. लोक त्यावर फक्त मुदत पाहतात. त्यात 'नो क्लेम बोनस' अशी एक ओळ असते. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सात वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या, कधी ओरखडाही न लागलेल्या गाडीला ५० असायला हवे होते. कागदावर होते २५. म्हणजे मागची दोन वर्षं क्लेमविना गेली आणि त्याच्या आदल्या वर्षी क्लेम झाला. विमा फेब्रुवारीत नवा होत होता. म्हणजे क्लेम फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ च्या मधला.

२३ सप्टेंबर २०२३ कुठला नागपूरकर विसरेल? शनिवारची पहाट. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरात शिरली. पुढचे कितीतरी दिवस मी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ इथे एकेका फाटकात उभ्या असलेल्या गाड्या पाहत फिरलो. दार उघडलं की आधी पाणी पायावर यायचं, मग वास. लोकांनी घरातली भांडी, मुलांची पुस्तकं, गाद्या रस्त्यावर वाळत टाकल्या होत्या, आणि मी त्यांना विचारत होतो, पाणी कुठवर आलं होतं, सीटपर्यंत की स्टिअरिंगपर्यंत.

म्हणून त्या पांढऱ्या गाडीत मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. नुसता लावण्यापुरता नाही, शेवटपर्यंत, अडेपर्यंत. बाहेरचा भाग धुतलेला, काळाभोर. गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मात्र चहा सांडून वाळावा तशी एक कड होती, आडवी आणि सरळ. मग सीट पूर्ण मागे सरकवली. रेलच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवलं आणि जे निघालं ते तळहातावर घेतलं. रस्त्याची धूळ खरखरीत असते, आपल्याकडे कोळशाच्या ट्रकांमुळे थोडी काळीही असते. हे पिवळट राखाडी होतं. थेंबभर पाण्यात चोळलं तर मेंदीसारखं मऊ झालं आणि बोटांच्या रेषांत बसलं. हा गाळ मी आठवडे-आठवडे नखांतून काढला आहे.

"कायले एवढं खोदून पाहता जी, गाडी चालवून पाहा ना," विकणारा म्हणाला. चालवून पाहिली. छान चालत होती. पाण्यातून निघालेली गाडी दुरुस्त केली की छानच चालते, म्हणून तर माणूस फसतो. पाणी इंजिनात गेलं असेल तर ते लवकर कळतं. वायरींच्या जोडात, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या कॉम्प्युटरमध्ये बसलेली ओल सावकाश काम करते. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा मेंदू तिथेच, फरशीपासून वितभर उंचीवर असतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. त्या गाडीत तो लागलाच नाही. विझला नाही तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळतं. मुळातच लागला नाही, तर बिघाड झाकलेला असू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

जावयाला खूण केली, आम्ही निघालो.

फाटकाशी एक तरुण मुलगा आणि त्याची आई थांबले होते. ते त्याच गाडीसाठी आले होते. आमचं होईस्तोवर बाहेर उन्हात उभे होते. आम्ही बाजूला झाल्यावर माउली मागच्या सीटवर जाऊन बसली, सीटवरून हात फिरवला आणि मुलाकडे पाहून हसली. हातातल्या कापडी पिशवीत बँकेचं पासबुक दिसत होतं. विकणारा माझ्याकडे पाहत होता. मी चप्पल सावरली आणि आमच्या गाडीत येऊन बसलो. दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. पंधरा दिवसांनी तिकडून गेलो, तर गाडी तिथे नव्हती.

तेव्हापासून ती माउली डोळ्यांपुढून हलत नाही. ३१ वर्षं मी नुकसान होऊन गेल्यावर पोचत होतो. या वेळी आधी पोचलो होतो आणि गप्प बसलो.

इथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. विम्याच्या कागदावरून मला सुगावा लागला, तो क्लेम घेतला होता म्हणून. पण साध्या पॉलिसीत बुडालेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं अशा कितीतरी लोकांनी त्या वर्षी खिशातून पैसे घालून गाड्या उभ्या केल्या. त्यांच्या बोनसच्या ओळीत काहीच दिसणार नाही. मोबाइलवर गाडीची माहिती काढली की मालक कितवा, कर्ज आहे का, विमा कधीपर्यंत हे कळतं. गाडी पाण्यात होती हे कळत नाही. तेव्हा सीटखाली हात घालायला लाजू नका. स्टेपनी उचला, खालच्या खोबणीत बोट फिरवा. ती नव्याने रंगवलेली असेल तर का रंगवली ते विचारा. गाडी भर दुपारी काचा लावून वीस मिनिटं उन्हात ठेवा आणि मग दार उघडा, कितीही अत्तर मारलेलं असलं तरी कुबट वास वर येतो. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि एवढं विचारा की गाडीच्या कॉम्प्युटरने आपल्या सगळ्या तपासण्या पूर्ण केलेल्या दिसतात का. बऱ्याच अपूर्ण असतील, तर कुणीतरी आदल्या दिवशी बिघाडाच्या नोंदी पुसलेल्या असू शकतात. चार दिवस चालवून पुन्हा लावू द्या म्हणावं. मीटर मागे केलंय का, याचं उत्तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत असतं, दर सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाला सोबत न्या आणि त्या नोंदी काढून घ्या. तो यायला तयार नसेल, तर गाडी सोडा.

भावाचंही थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, आधी सेस धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के होता. काही विक्रेते अजूनही जुन्या शोरूम किमतीचा हिशेब दाखवतात. आजच्या नव्या गाडीची किंमत विचारूनच सौद्याला बसा.

आणि परिवहन खात्याला एक विनंती. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यावी लागते, गाडी कुठे कुठे फिरवली याची नोंद त्याने ठेवायची असते. नियम चांगला आहे. आपल्या शहरातल्या प्रत्येक गाडीबाजारात हे अधिकारपत्र दर्शनी भागात लावलेलं दिसलं पाहिजे. आम्ही गेलो तिथे ते मागितल्यावर "साहेबांकडे आहे" असं उत्तर मिळालं. दुसरं, गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येणाऱ्या बुडीत गाडीला ते लागत नाही. विमा कंपनीकडे बुडाल्याची नोंद असतेच. तीच नोंद क्रमांक टाकल्यावर ग्राहकाला दिसावी, एवढंच. कुणाच्या पोटावर पाय येत नाही. बुडालेली गाडी बुडालेली म्हणून, तिच्या भावात विकावी.

आता जून लागला. पाऊस सुरू झाला की त्या गाडीच्या गालिचाखालची ओल जागी होईल. त्या मुलाने हे पत्र वाचलं, किंवा त्याला कुणी दाखवलं, तर त्याला सांगतो: बाळा, गाडी घेतली असशील तर घाबरू नकोस, पण तशीच चालवूही नकोस. बॅटरी सोडवून गालिचा पूर्ण काढून वाळव. सीटखालचे आणि पायापाशी असलेले वायरिंगचे जोड उघडून साफ करून घे. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नकोस, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच ने. गिअर ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्याच दिवशी बदल, ब्रेक ऑइलही. आणि एअरबॅगचा दिवा दुरुस्त होईस्तोवर आईला पुढे बसवू नकोस.

माझा पत्ता आणि फोन नंबर संपादकांकडे दिला आहे. गाडी घेऊन ये, मी सोबत चलतो. तपासणीचे पैसे मी देईन.

आपला,
एक निवृत्त मोटार सर्वेयर
त्रिमूर्तीनगर, नागपूर