मुलाचा सा मुलालाच ठरवू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझा गाण्याचा क्लास आहे. हल्ली नवीन येणारी बरीच मुलं मोबाईलवरच्या एखाद्या ॲपवर सा रे ग म घोटूनच येतात. त्याला माझी ना नाही. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गवई मौलाबक्ष यांनी इथं गायनशाळा काढली आणि गाणं स्वरलिपीत बांधून वर्गात शिकवलं, तेही तेव्हा नवलच होतं. नव्या साधनाला नाक मुरडणारं हे गाव नव्हे.

माझी तक्रार वेगळी आहे. एका खेळात सूर बरोबर लागला की बेडूक पुढच्या पानावर उडी मारतो, चुकला की पाण्यात. कल्पना झकास. पण त्या बेडकाचा सा पेटीच्या पांढरी एकला, म्हणजे एकाच ठरलेल्या पट्टीला, ठोकलेला. माझ्याकडच्या आठ वर्षांच्या मुलीचा गळा त्याहून खालच्या काळी चारला मोकळा लागतो. तिनं आपल्या सा पासून स्वच्छ सरगम म्हटली आणि बेडूक दर वेळी बुडाला. मग बेडकासाठी ती वर चढली. तार सा, म्हणजे वरचा सा, घेताना हनुवटी वर, मानेच्या शिरा ताठ. ही सवय एकदा लागली की सोडवताना आम्हा शिक्षकांच्या नाकी नऊ येतात. आपली पेटी गळा बघून पट्टी धरते, मग फोनला काय झालं? हिशेब तर सोपा आहे: सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला तर प 360 चा, म्हणजे दीडपट, सा कुठलाही असो, दीडपट ती दीडपटच. ॲप करणाऱ्यांनो, सुरुवातीला मुलाला नुसता ‘आ’ लावायला सांगा आणि तिथं सा धरा.

दुसरं, गंधार, म्हणजे ग. तंबोरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा कीबोर्डचा गंधार किंचित चढा असतो. अर्ध्या सुराचे 100 भाग केले तर जवळजवळ 14 भागांनी. त्यामुळे काटेकोर ॲपच्या लेखी तंबोऱ्याशी मिळवून गाणारं मूल ‘उतरलेलं’ ठरतं! कान तयार असलेल्या मुलालाच दंड.

तालाचं थोडक्यात सांगते. आमच्या बडोद्याची पोरं दोन टाळी, तीन टाळीचा गरबा बोलायला लागण्याआधी बघतात. गरब्याच्या हींच तालाच्या सहा मात्रा त्यांच्या पायात असतात. त्यांना ॲपमधल्या चार-चार ठोक्यांच्या ढोलकवाल्या अस्वलापासून सुरुवात कशाला? तालातली ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवता दाखवायची जागा, दाखवायला हात हलवावा लागतो आणि हात हलला हे फोनला कळतं. त्याचा खेळ मी अजून पाहिलेला नाही. आणि हो, ब्लूटूथचे हेडफोन लावून ताल शिकवू नका. आवाज कानात उशिरा पोचतो, टाळी आवाजावर बरोबर पडते आणि पडद्यावर ‘चुकलं’ येतं.

गावात सॉफ्टवेअरवाल्यांची कमी नाही. कुणाला मुलांसमोर आपला खेळ तपासून पाहायचा असेल तर संध्याकाळी या. पेटी आहे, तंबोरा आहे, तोंडावर खरं सांगणारी मुलं आहेत. फक्त नवरात्रात नको, तेव्हा वर्गात मी एकटीच असते.

आपली,
एक गायन शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे