सोमवार बंदच राहू दे

ती. आई-बाबा,

काल दादाचा फोन झाला, म्हणाला खानावळ सोमवारी पण चालू ठेवायची आणि पुढच्या बाजूला चायनीज सुरू करायचं चाललंय, आणि बाबा तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात म्हणे. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात चेशायर म्हणून छोटं गाव आहे, तिथे ब्लॅकीज नावाचं हॉट डॉगचं हॉटेल आहे, १९२८ पासून घरच्याच लोकांनी चालवलेलं. मैत्रीण घेऊन गेली होती. आई, त्यात बीफ-पोर्क असतं म्हणून मी नुसता पाव आणि त्यांचं मिरचीचं रेलिश खाल्लं, पण काय झणझणीत होतं गं, अगदी आपल्या ठेच्याच्या जातीचं! त्याची रेसिपी ते कुणाला सांगत नाहीत, घरातच ठेवलीय. सॉसेज जवळच्या न्यू हेवनच्या हमेल ब्रदर्सचं, साल फुटेपर्यंत तेलात शिजवतात, वर मोहरीचा सॉस आणि ते रेलिश, झालं. फ्रेंच फ्राईज सुद्धा नाहीत, हव्या तर चिप्सचं पाकीट घ्या.

आणि बाबा, शुक्रवारी बंद! कॅथलिक लोक शुक्रवारी मांस वर्ज्य मानायचे म्हणून, आता बरेच जण ते फक्त ईस्टरच्या आधीच्या उपासांतच पाळतात, पण हॉटेल अजून दर शुक्रवारी बंदच असतं आणि बाकीच्या दिवशी लोक आवर्जून येतात.

दादाचं चुकतंय असं नाही, घरखर्च वाढलाय हे मलाही कळतं, पण माझं म्हणणं उलटं आहे, वाढवू नका, कमी करा. बिर्याणी, पनीर, अंडाकरी हे सगळं मागून घुसलंय, त्यातलंच उरतं आणि त्यासाठीच आई रात्री अकरापर्यंत उभी असते. मटण थाळी, तांबडा-पांढरा आणि भाकरी एवढंच ठेवा ना, लोक त्यासाठीच येतात. गल्ला आणि हिशोब दादाकडे द्या, तो ते चांगलं करेल. आई, मसाला भाजताना वहिनीला शेजारी बसव, नुसतं बघायला नको, तिच्या हाताने करू दे, तुझं अंदाजाचं माप तसंच कळेल तिला.

सोमवारी बाबांचा गुडघा डॉक्टरांना दाखवून या. रविवारी व्हिडिओ कॉल करते, दादाला पण थांबायला सांगा, मी बोलते त्याच्याशी.

तुमची,
मनू