वार चुकवू नको

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मानसोपचारात एमडी झालास. आता नागपुरात खासगी दवाखान्यात बसायचं, की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात येऊन इकडे यवतमाळ जिल्ह्यात वणी-मारेगाव-झरीच्या बाजूला काम करायचं, असं तू विचारलंस. घरात माणसं होती, फोनवर नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

इकडे ये. पण येणार असलास तर एक गोष्ट आधीच मनाशी धर. ज्या वारी येतो म्हणशील, त्या वारी ये. पाऊस असो, मीटिंग असो.

2015 साली शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला. तेव्हापासून आम्ही आशा सेविका घरोघर जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, असं विचारतो. माणूस म्हणतो, "सब बराबर हाय." त्याची बायको तेव्हा काही बोलत नाही. ती मग केव्हा तरी वावरातून येताना माझ्यासोबत चालते आणि सांगते, की हा रात्रभर बाजेवर बसून असतो. तेवढं बोलायला तिला किती बळ लागतं ते कोणत्याच फॉर्मवर येत नाही. पोलिसांची भीती वेगळीच. फवारणीचं औषध पोटात गेलेल्याला दवाखान्यात नेलं तरी घरचे "चुकून गेलं" म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं आहे, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. मी हे दारोदार सांगते. लोक ऐकून घेतात आणि विचारतात, "पन डाक्टर येईन का?"

हा प्रश्न उगाच येत नाही, बापा. मागे एका ठिकाणी महिन्याला शिबिर भरायचं. त्यात एका पोराला स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू झाली. कानात आवाज येत म्हणून जो घराबाहेर पडत नव्हता, तो हळूहळू बापासोबत पऱ्हाटी निंदायला जाऊ लागला. मग डॉक्टर एका महिन्यात आले नाहीत, पुढच्याही महिन्यात नाही. माय म्हणाली, "बरा झाला ना थो, आता गोया कायले?" गोळ्या संपल्याच होत्या, तिला ते सोयीचं वाटलं. खरिपाच्या धांदलीत पोरगा परत बिघडला, आणि घरातली सगळी वावरात गेली की त्याला दाव्यानं बांधून ठेवायला लागले. साखळदंडानं किंवा दोरानं बांधायला कायद्याची बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. पण त्या मायला निर्दय म्हणू नकोस. तिला त्या दिवसाची मजुरी बुडवता येत नव्हती, एवढंच होतं. शिबिर पुन्हा सुरू झालं तेव्हा ती आली नाही. मी गेले तर म्हणाली, तुमचा भरोसा नाही.

म्हणून तुझी ओपीडी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशीच ठेव. त्या दिवशी लोक तसेही येतात, मजुरी वेगळी बुडत नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सोबत माय किंवा बहीण येते. तिला बाहेर बसवू नको, गोळी तीच देणार आहे. उदासीच्या गोळ्यांचा गुण दोन-चार आठवड्यांनी दिसतो हे तिला पहिल्याच दिवशी सांग. नाही तर आठव्या दिवशी ती भगताकडे जाईल. बरं वाटल्यावरही पुढं काही महिने गोळी चालू ठेवायची, हेही तिलाच सांग. भगतावर रागावू नकोस. अंगारा घेऊ दे, गोळी सोडू नको म्हणावं.

मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं, त्या आजारावरच्या लिथियम औषधाचं तूच मला समजावलं होतंस. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते रक्तात वाढतं. इथं मे महिन्यात पारा 45 वर जातो, माणसं उन्हात काम करतात, नवरात्रात कडक उपवास धरतात. हात थरथरायला लागले, चाल अडखळली, जुलाब लागले, तर लोक लू लागली म्हणून घरीच ठेवतील. ज्याला हे औषध देशील त्याचं नाव मला कळव, मी उन्हाळ्यात त्याच्या घरी जाऊन बघत जाईन. रक्ताची तपासणी कुठं करायची तेही आधी ठरव.

अमरावतीकडच्या तीस गावांत विश्राम प्रकल्प झाला, त्याचं तू मला वाचून दाखवलं होतंस. उदासीच्या आजारात उपचारापर्यंत पोचणारे शंभरात चार होते, ते सत्तावीसवर गेले. मी त्या दिवशी खूप वेळ विचार करत होते. गावातल्याच माणसांनी दारोदार जाऊन बोलल्यानं एवढा फरक पडतो. तरी त्र्याहत्तर उरतातच.

डॉ. भरत वाटवानींना तू मानतोस. त्यांनी आणि डॉ. स्मितांनी 1988 मध्ये मुंबईत श्रद्धा संस्था काढली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, बरं करायचं आणि घर शोधून पोचवायचं, हे काम त्यांनी उभं केलं. 2018 साली त्यांना मॅगसेसे मिळालं. बाबा आमटेंकडून त्यांना बळ मिळालं, आणि बाबांचं वरोऱ्याचं आनंदवन आपल्या वणीहून लांब नाही. मला त्यांच्या कामातली शेवटची पायरी सगळ्यात मोठी वाटते. घरी पोचलेला तो माणूस अशाच एखाद्या गावात पोचतो. तिथं पुढच्या महिन्याची गोळी देणारं कुणीतरी असायला हवं. ते कुणीतरी तू हो.

पैसा नागपूरपेक्षा कमी मिळेल, हे मी लपवत नाही. सोबतचे पुढं गेले असं वाटेल. तुझ्या बाबांना काळजी आहे, त्यांच्याशी तूच बोल.

आणि एक. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसं बाजारालाही कमी येतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना मराठी नीट समजत नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन-मदतीचा, नंबर आम्ही भिंतीवर लिहिला, पण पोडावर रेंज नाही. तिथं दर महिन्याला एकदा जायचंच असं धर. तिथल्या अंगणवाडीच्या ताई कोलामी बोलतात, त्या मध्ये बसायला तयार आहेत, मी विचारलं आहे. पहिल्या खेपेला पांढरा कोट घालू नकोस.

रुजू व्हायची तारीख आणि वार ठरला की लगेच कळव. महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्या आशांना सांगते.

तुझी आई