विषय: १२ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी म्हणून विकलेल्या निवासव्यवस्थेबद्दल लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
विद्यार्थी निवास विभाग

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी काल संध्याकाळी जे बोलणे झाले, त्यानंतर हे पत्र लिहिणे भाग पडले. आमच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी तुमच्या इमारतीत राहतात, पण यापुढे आमच्या इंटर्नशिप विभागातून तुम्हाला फोन येणार नाही. जे असेल ते लेखी. खोल्या, बेड, गीझर, अ‍ॅप आणि करार सगळे तुमचेच आहे, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही.

तुमच्या जाहिरातीत 'खास इंटर्नशिपसाठी' असे ठळक छापले आहे. इंटर्नशिप १२ आठवड्यांची, म्हणजे ८४ दिवसांची. आता तुमच्याच अटी या ८४ दिवसांशेजारी ठेवून पाहा. जागा सोडण्याची नोटीस ६० दिवस पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही, अ‍ॅपमध्ये ते बटणच चालू होत नाही. नोटिशीची मुदत ३० दिवस. साठावा दिवस संपतासंपता नोटीस दिली तरी ती नव्वदाव्या दिवशी संपते, आणि काम चौऱ्याऐंशीव्या दिवशीच संपलेले असते. सहा दिवसांचे भाडे प्रत्येक विद्यार्थ्याने न राहता भरायचे, आणि हे टाळण्याची एकही वाट तुमच्या करारात नाही. कुणी कितीही वक्तशीर असला तरी तो यात अडकणारच. शेवटच्या महिन्याचे भाडे दिवसांवर मोजू असे कलम तुम्ही घातले आहे, पण नोटिशीच्या अटीने ते निरुपयोगी केले आहे. करार करताना हे गणित कुणी मांडले नसेल यावर आमचा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याच्या पुराव्याची. शहरात नव्याने उतरलेल्या विद्यार्थ्याची बहुतेक कामे या एका कागदावर अडतात. तो नसेल तर बँक खात्यावरचा पत्ता बदलणे किंवा नवे खाते उघडणे अनेकदा अडते. खाते नाही म्हणून कंपनीचा एचआर विभाग विद्यावेतन थांबवतो. विद्यार्थी सवलतीच्या प्रवासी पाससाठीही तोच कागद मागतात, आणि पास हाती येईपर्यंत रोज पूर्ण तिकीट काढावे लागते. ही साखळी तुम्हाला ठाऊक आहे, कारण 'पहिल्या दिवशी सर्व कागदपत्रे' असे आश्वासन तुमच्याच पत्रकात आहे. प्रत्यक्षात मुलांच्या हाती पडते ती बुकिंगची पावती. तिच्यावर खोली क्रमांक नाही. पत्ता इमारतीचा नसून तुमच्या मुख्य कार्यालयाचा आहे. नाव अ‍ॅपमध्ये टाइप केले तसे, म्हणजे कधी आडनाव आधी, कधी वडिलांचे नाव गायब. बँकेत ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळावे लागते, नाहीतर अर्ज परत येतो. खरे पत्र काय असते तेही लिहून ठेवतो: ओळखपत्राप्रमाणे पूर्ण नाव, इमारत, मजला, खोली आणि बेड क्रमांक, पिनकोड, राहण्याची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा, अधिकृत व्यक्तीची सही, पदनाम आणि शिक्का. एका पानाचे काम. त्याला तुम्ही २१ दिवस लावता. ८४ पैकी २१ म्हणजे चौथा हिस्सा मुदत नुसती कागदाची वाट पाहण्यात जाते.

आता ढेकणांविषयी, कारण कालचे बोलणे त्यावरून झाले.

आमच्या एका विद्यार्थिनीने बेडचे फोटो तक्रारीसोबत पाठवले होते. नुसत्या चाव्यांवरून ढेकूण सिद्ध होत नाहीत, ते डासांचे चावे किंवा नुसते पुरळही असू शकते, म्हणून आम्हीच तिला खुणा शोधायला सांगितले: गादीच्या शिवणीत काळे ठिपके, उशाकडच्या फळीमागे टाकलेल्या पिवळसर काती, पलंगाच्या स्क्रूच्या भोकांत जिवंत किडे. तिन्ही सापडले आणि तिन्हींचे स्पष्ट फोटो तुमच्याकडे आहेत. तुम्ही काय केले? एक माणूस सुवासिक स्प्रे मारून गेला आणि विद्यार्थिनीला शेजारच्या खोलीत हलवले, त्याच गादीसह. यापेक्षा चुकीचे काही करताच आले नसते. स्प्रेमुळे ढेकूण भिंतीच्या फटींत पांगतात आणि गादीबरोबर ते दुसऱ्या खोलीत पोचतात. बहुतेक कीटकनाशकांनी अंडी मरत नाहीत. ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फवारणी १० ते १४ दिवसांनी करावीच लागते. पूर्ण वाढलेला ढेकूण काही न खाता महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे खोली आठवडाभर रिकामी ठेवूनही उपयोग नाही. गादी चेनच्या बंद खोळीत घालायची, पलंग खोलून सांधे तपासायचे, कपडे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवायच्या, आणि डावी-उजवी-वरची-खालची अशा चारही खोल्या तपासायच्या. कीटकनियंत्रणाचे काम करणारा कोणीही माणूस हे सांगेल. तुम्ही त्यातले काहीच केले नाही. आणि ती मुलगी रोज तीच बॅग घेऊन ऑफिसला जाते. उद्या तिच्या टेबलाशी ढेकूण निघाला, तर १२ आठवड्यांनंतर मिळणाऱ्या शिफारसपत्रावर त्याचा परिणाम होईल. त्याची भरपाई तुम्ही कशी करणार?

याच तक्रारीवर काल तुमच्या 'वरिष्ठ ग्राहक समाधान अधिकाऱ्यां'नी जे उत्तर दिले, ते शब्दशः लिहितो, कारण तुमच्यापर्यंत ते याच रूपात पोचायला हवे.

त्यांनी तक्रार क्रमांक विचारला. सांगितला. ते म्हणाले, "सर, ही तक्रार तर बंद झालेली दिसते. 'ग्राहक समाधानी' असा शेरा आहे." कोणता ग्राहक समाधानी झाला, असे विचारले. त्यावर, "सिस्टीममध्ये तसंच येतं, सर." फोटो पाहिलेत का? "फोटो माझ्या स्क्रीनवर उघडत नाहीत." मग दुसऱ्या फवारणीची तारीख द्या. "सर, कसं असतं, ढेकूण मुलंच गावाकडून सामानात घेऊन येतात." ज्या पलंगाच्या फळीमागे काती साठल्या आहेत, तिथे ढेकूण बऱ्याच काळापासून आहेत, नव्या बॅगेतून एवढी साठवण होत नाही, हे समजावून सांगितले. क्षणभर शांतता. मग हे गृहस्थ म्हणाले, "मुलगी पहिल्यांदाच घर सोडून आली असेल ना? नवीन शहरात झोप लागत नाही, अंगाला खाज सुटल्यासारखं वाटतं. होतं असं. सवय होईल हळूहळू." आम्ही पुन्हा जिवंत किड्यांच्या फोटोंकडे वळलो, तर म्हणाले, "तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, सर. काढतील कसेबसे." आणि फोन ठेवण्याआधी, पढवल्यासारखे: "आज मी आपली आणखी काही मदत करू शकतो का?"

त्यांनी कोणतीच मदत केलेली नव्हती.

घर सोडून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या हातावरचे चावे म्हणजे तिच्या मनाचे खेळ, असे सांगण्याचा अधिकार तुमच्या माणसाला कुणी दिला? नव्या शहरात मुलांना एकटेपणा येतो, रडूही येते, ते आम्ही जवळून पाहतो आणि त्यासाठी त्यांच्याशी बोलतोही. पण पुरावा समोर असताना त्या एकटेपणाच्या आड लपणे नीचपणाचे आहे. हा शब्द विचार करून वापरला आहे.

'तीन महिन्यांचाच तर प्रश्न' हे वाक्य तर तुमच्या सगळ्या कारभारात दिसते. वर्षभर राहणाऱ्याचे दोन आठवडे बिघडले तर पन्नास आठवडे उरतात. आमच्या विद्यार्थ्याचे दोन आठवडे म्हणजे एक षष्ठांश मुदत. मुक्काम जितका छोटा, तितकी पहिल्या दिवशी सगळे जागेवर असण्याची गरज मोठी. हे ज्यांना कळत नाही, त्यांनी इंटर्नशिपच्या नावाने खोल्या विकू नयेत.

गीझरचा प्रश्न तर जिवाशी आहे. चार जणांत १५ लिटरचा, २ किलोवॅटचा एक गीझर आहे. २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला तो जवळपास १८ मिनिटे घेतो, आणि गार पाण्यात मिसळून अंघोळीजोगे साधारण ३५ लिटर पाणी देतो. ते दोघांना पुरते. उरलेल्या दोघांनी पुन्हा १८ मिनिटे थांबायचे, आणि सगळ्यांना निघायचे असते एकाच वेळी. हे एकवेळ वेळापत्रक लावून निभावता येईल. पण २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो, आणि तुम्ही तो मल्टिप्लग लावून ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडला आहे. प्लग काळवंडला, प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तेव्हा तुमच्या तंत्रज्ञाने नवा प्लग लावला आणि तो पुन्हा त्याच सॉकेटमध्ये खोचला. दोष प्लगचा नव्हता, सॉकेटचा होता. तिथे १६ अँपिअरचे सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. ते होईपर्यंत गीझर बंद ठेवा, अशी सूचना आम्ही मुलांना दिली आहे. ती खरे तर तुम्ही द्यायला हवी होती.

'स्टेशनपासून १० मिनिटे' हेही दुरुस्त करा. ते अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलेले आहे. मध्ये रूळ आहेत, पादचारी पुलाला वळसा पडतो, आणि चालत २५ मिनिटे लागतात. रोज अर्धा तास जास्त जातो.

अनामतीचे थोडक्यात. खोलीतील वस्तूंची यादी मुक्काम सुरू होऊन आठवडा झाल्यावर येते, आणि तक्रार मात्र राहायला आल्यापासून ४८ तासांत करायची असते. आधीच तडकलेल्या आरशाचे पैसे शेवटी कोणाकडून कापले जातात, ते तुम्हाला माहीत आहे. यादी, तारखेसह फोटो आणि वीज मीटरचे आकडे किल्ली देतानाच दोघांच्या सहीने झाले पाहिजेत.

आमच्या मागण्या: सॉकेट आणि वायरिंग ४८ तासांत. कीटकनियंत्रण परवानाधारक संस्थेकडून, शेजारच्या खोल्यांसह, दुसऱ्या फवारणीची तारीख आधीच लिहून देऊन. तोवर त्या विद्यार्थिनीला वेगळ्या मजल्यावर स्वच्छ गादीची खोली. पत्त्याचे पत्र, वर सांगितले तसे, राहायला येण्याच्या दिवशीच. ज्यांचे राहिले आहे त्यांना या आठवड्यात. होय, पत्राचे पुन्हा लिहीत आहोत, कारण विद्यावेतन अजूनही त्याच कागदापायी अडकलेले आहे. ६० दिवसांची अट इंटर्नशिपच्या करारांतून काढावी आणि त्या सहा दिवसांचे भाडे परत करावे.

सात दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर विद्यार्थ्यांच्या सहीने ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल होईल. फोटो, करार आणि अ‍ॅपमधील नोंदी आम्ही जपून ठेवल्या आहेत. पुढच्या तुकडीला देण्याच्या निवास-यादीतून तुमचे नाव आजच काढले आहे, आणि इतर महाविद्यालयांच्या इंटर्नशिप विभागांना त्याचे कारण कळवले जाईल. तुमच्या इमारतीची शिफारस आम्हीच मुलांच्या पालकांना केली होती. त्या पालकांना आता काय सांगायचे, हा प्रश्न तुमच्यामुळे आमच्यापुढे उभा राहिला आहे.

आणि ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. 'ग्राहक समाधानी' हा शेरा खोटा आहे, तो नोंदीतून काढून तसे लेखी कळवा.

समन्वयक,
इंटर्नशिप विभाग

सोबत: बेड, सॉकेट आणि प्लगचे फोटो, बुकिंगच्या पावत्यांच्या प्रती, नोटिशीचे बटण बंद असलेल्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट