तोच पाचवा

प्रिय बापू,

तुझा फोन आला तेव्हा कोर्टात होतो, धड बोलता आलं नाही. काल भाच्याला भेटून आलो. अंगात अजून कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचाच शर्ट, बाहीला कापूस चिकटलेला. एकच घोकत होता, ‘मामा, मी ते गाडीवरच व्हतू, मी काहीच करं नही.’

शेठची रोकडीची पिशवी चौघांनी हिसकावली, चाकूही त्यांनीच दाखवला, मग याच्यावर दरोड्याचं कलम का, असं तू विचारलंस. बापू, तोच तर पाचवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१० बघ. जबरी चोरी करणारे आणि तिथं हजर राहून त्यांना मदत करणारे मिळून पाच झाले, की तो दरोडा. मदत करणाराही दरोडेखोरच. चौघंच असते तर जबरी चोरी, १० वर्षांपर्यंत. हमरस्त्यावर रात्री केली तर १४. आता जन्मठेपही होऊ शकते. त्याला हे सांगताना माझा घसा कोरडा पडला.

तरी हा कायदा मला अन्यायाचा वाटत नाही. गाडी चालू उभी आहे, या भरवशावरच ते चौघे रस्त्यावर आले ना? १९२३ मध्ये कलकत्त्यात पोस्टमास्तरला लुटारूंनी गोळी घातली. मी बाहेर अंगणात उभा होतो, असं एक आरोपी म्हणाला. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, १९२४ मध्ये ते ऐकलं नाही.

नुसतं तिथं असणं हा गुन्हा नाही. काय होणार हे ठाऊक असून मदत केली का, हा प्रश्न. उधारी वसुलीला जातोय असं सांगून नेलं, म्हणतो. माझा विश्वास बसतही होता. पण शेठ रोकड घेऊन किती वाजता निघणार, हे दुपारी काट्यावरून यानंच फोन करून कळवलं. का कळवलं, विचारलं तर मान खाली.

खोटं शिकवून मी त्याला उभा करणार नाही. माझ्याही मांडीवर खेळलेलं पोर आहे ते. वय १९, आधीचा एकही गुन्हा नाही. जामिनासाठी जीव तोडून भांडेन. सगळं खरं सांगायला तयार झाला, तर माफीचा साक्षीदार करून घ्यावं म्हणून कोर्टापुढं प्रयत्न करू.

ताईला ज्वारीच्या कोठीत नोटा सापडल्या म्हणालास. त्या खर्चू नका, हलवू नका. लुटीचा पैसा आहे हे कळूनही ठेवला, तर तिच्यावर कलम ३१७ येईल. सोमवारी पहिल्या एसटीनं येतो, माझ्यासमोरच पोलिसांत जमा करू. तोवर खोलीला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव.

तुझाच