उशिराची तारीख चालेल, पण पक्की द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयानंतर जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय महाविद्यालयं झाली. खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांना ही सोय मिळाली, ही लहान गोष्ट नाही. इमारत किंवा मशीन मागायला हे पत्र लिहीत नाही. मला बोलायचं आहे ते ऑपरेशनच्या तारखेबद्दल.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हे दुखणं एकाच ठिकाणचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची लिस्ट आदल्या दुपारी लागायची. सात नावं लागायची, व्हायची चार-पाच. हे लिस्ट लिहिणाऱ्या रेसिडेंटलाही, म्हणजे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असायचं. उरलेले रात्रीपासून उपाशी, गाऊन घालून, हाताला सुई टोचलेली, बाकावर बसून. दुपारी दोनला मावशी येऊन सांगणार, ‘तुमचं आज नाही, जेवून घ्या.’ साक्रीकडच्या एका हर्नियाच्या पेशंटने हे ऐकून एवढंच विचारलं होतं, ‘आते काय करानं, बाई?’ मुकादमाची उचल त्याने घेतलेली. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला गुजरातेत जाणार.

असा माणूस पुढच्या तारखेला सहसा येत नाही. हर्निया घेऊनच कोयता उचलतो. मोळ्या ट्रकवर चढवताना पोटावर जोर येतो, कधीतरी आतडं अडकतं आणि तो अपरात्री इमर्जन्सी म्हणून दारात येतो. नशीब चांगलं असेल तर वेळेत. सकाळी थोडक्यात झालं असतं ते ऑपरेशन आता आतडं कापण्यापर्यंत जातं, भूलतज्ज्ञ रात्रभर जागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या लिस्टमधलं शेवटचं नाव खोडलं जातं. मोडलेली तारीख अशी दुसऱ्याची तारीख मोडते. माणसं कमी आहेत हे खरंच आहे, पदं भरायलाच हवीत. पण आहेत त्या माणसांचे तासही आपण असे वाया घालवतो.

सर्जनला विचारलं तर हर्निया पाऊण तासाचा. त्यात भूल देणं, पेशंट शुद्धीवर येणं, टेबल पुसणं, निर्जंतुक कपड्यांचा नवा ड्रम उघडणं धरलेलं नसतं. हर्नियाच्या हत्यारांचे सेट दोन आणि लिस्टवर हर्निया चार, मग तिसऱ्यासाठी सेट ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक होईपर्यंत सगळे थांबून. पेशंट आत कधी घेतला, बाहेर कधी काढला, हे आम्ही रोज ओटी रजिस्टरमध्ये लिहितो. ते कुणी वाचत नाही. गेल्या वर्षभराच्या नोंदी काढून बघा; कोणत्या युनिटला कोणत्या ऑपरेशनला खरा किती वेळ लागतो, ते तिथेच सापडेल. लिस्ट त्या वेळेवर लावा, सर्जनच्या उत्साहावर नको.

आणि ती काठोकाठ भरू नका. ‘टेबल रिकामं ठेवायचं का?’ असा प्रश्न येईलच. हो, थोडं ठेवायचं. सिझेरियन रोज येणारच असतं, फक्त वेळ माहीत नसते. भरगच्च लिस्ट अहवालात छान दिसते, पण अकरा वाजता एक सिझेरियन आलं की तिची वाट लागते. जिथे दोन टेबलं चालतात तिथे एक इमर्जन्सीसाठी राखलं तर ठरलेल्या लिस्टला धक्का लागत नाही. जिथे भूलतज्ज्ञच एक आहे तिथे निदान दुपारचे दोन तास मोकळे सोडावेत. आज ज्याचं राहिलं त्याचं नाव पुढच्या लिस्टमध्ये पहिलं लागावं, एवढी तरी माणुसकी नियमात बसवा. मधुमेहाचे पेशंट आणि लहान मुलं मात्र सकाळीच घ्यावी लागतात, आणि पू झालेली केस शेवटीच. ते कुणाच्या वशिल्याने बदलू नये.

बऱ्याच तारखा तर ‘फिटनेस’वर मोडतात. भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी तपासतो आणि तेव्हा कळतं की हिमोग्लोबिन सातवर उतरलं आहे किंवा साखर वाढलेली आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रक्ताची सोय आधी करावी लागते, हे काय आदल्या संध्याकाळी शोधायचं? धडगाव-अक्कलकुव्याच्या पेशंटच्या या तपासण्या दोन आठवडे आधी तिथल्याच सरकारी दवाखान्यात व्हाव्यात आणि रिपोर्ट मोबाइलवर भूलतज्ज्ञाकडे जावेत. अडचण एकच आहे. ते दवाखाने सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि महाविद्यालयं आपल्या खात्याची. ही भिंत पेशंटला दिसत नाही, फक्त लागते. ती आपणच पाडू शकता. महात्मा फुले योजनेतली केस असेल तर मंजुरी हातात आल्यावरच तारीख द्यावी.

उपासाचंही तसंच. जड नसलेलं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असं भूलशास्त्र सांगतं. आपल्याकडे लिस्टवरच्या साऱ्यांना रात्री बारापासून ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काहीच घ्यायचं नाही, मग नंबर दुपारी एकचा का असेना.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत अशी मर्यादा आहे. तिथेही ती पाळली जात नाही, पण किती जण थांबले आहेत हा आकडा दर महिन्याला जाहीर होतो. आपल्या तिन्ही महाविद्यालयांनी ओपीडीबाहेरच्या फलकावर दर महिन्याला दोनच गोष्टी लिहाव्यात : किती जणांना तारीख दिली आणि त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन दिलेल्या दिवशीच झालं. पहिल्या महिन्याचा आकडा वाईटच येईल. त्यावरून कुणालाही कारणे दाखवा नोटीस काढू नका, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून फक्त फलक सुधारेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शहादा, जि. नंदुरबार